वाट नसलेले डोंगर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'अमेरिकेतील माझे अनुभव'. तुमच्यापैकी निम्म्यांची मुलं आज तिकडेच आहेत, तेव्हा त्या विषयावर तुम्हीच मला दोन गोष्टी सांगाल. म्हणून मी विषय जरा वळवून घेतला आहे. गेली चौदा वर्षं मी हिवाळ्यातले बरेचसे शनिवार वाळवंटातल्या डोंगरांवर घालवते. नुसते डोंगर नाहीत, ज्यांना वाटच नाही असे डोंगर. काल रात्री जेवताना तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला: "अगं, या वयात हे कशाला?" त्याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही. पण ते डोंगर कसे आहेत, तिथे चालतात कसं आणि तिथे काय होऊ शकतं, ते सांगते.

मी सॅन डिएगोला राहते. शहर समुद्रावर. समुद्राकडून आत गेलं की दीडएक हजार मीटर उंचीची डोंगररांग लागते आणि ती ओलांडली की एकदम वाळवंट. भूगोलाच्या सरांनी फळ्यावर काढलेली ती आकृती आठवते का? इकडे महाबळेश्वर, त्यावर ढगांच्या रेघा, आणि पलीकडे उतारावर दहिवडी-म्हसवड, तिथे ढग पुसून टाकलेले. पर्जन्यछायेचा प्रदेश. मी पहिल्यांदा तो कॅलिफोर्नियातला घाट उतरले तेव्हा मला तो फळाच दिसला. फक्त तिथला माण-खटाव आपल्यापेक्षा फार कडक. वर्षाला सरासरी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर. या भागाला अँझा-बोरेगो म्हणतात. अँझा हा अठराव्या शतकातला स्पॅनिश मोहिमेचा कप्तान, आणि बोरेगो म्हणजे स्पॅनिशमध्ये मेंढा. तिथल्या कड्यांवर रानमेंढे आहेत, वळलेल्या जाडजूड शिंगांचे. १९९८ पासून ते धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या सरकारी यादीत आहेत. चौदा वर्षांत मला ते मोजून पाच वेळा दिसले.

हा नाद काही मी एकटीने काढलेला नाही. १८९२ साली जॉन म्यूर वगैरे मंडळींनी सिएरा क्लब काढला. त्यातल्या लॉस एंजेलिसच्या लोकांनी १९४१ मध्ये वाळवंटी शिखरांसाठी वेगळा गट केला. त्यांनी शिखरांची एक यादी केली. आज त्या यादीत जवळजवळ शंभर शिखरं आहेत. कॅलिफोर्निया, नेवाडा, अॅरिझोना, आणि खाली मेक्सिकोतला पिकाचो देल दियाब्लो, म्हणजे सैतानाचा सुळका, ३,०९६ मीटर. अॅरिझोनातलं बाबोकिवारी तोहोनो ओओदाम लोकांचं पवित्र शिखर आहे. त्याच्या माथ्याजवळ दोर लावल्याशिवाय शहाणा माणूस जात नाही. मी तिथे गेलेले नाही. यादी पुरी करायची माझी इच्छाही नाही. आपल्याकडे 'माझे दोनशे किल्ले झाले' म्हणणारे असतात तसे तिथेही आहेत. त्यांना दंडवत.

आता, वाट नाही म्हणजे काय? आपण पांडवगड, कमळगड चढलो तेव्हाही झाडीत वाट हरवायचीच. पण ती हरवायची, म्हणजे ती होती. सह्याद्रीत माणूस हजारो वर्षं राहतोय. गुराखी, धनगर, लाकूडफाट्याला जाणाऱ्या बायका, कोकणात ये-जा करणारे बैल, सगळ्यांनी डोंगर तुडवून ठेवलाय. शिवाय आपला कातळ आडव्या थरांचा, लाव्ह्याचा. कडा आला की वाट त्याच्या पायथ्याने आडवी जाते, एखादी नाळ शोधते आणि वर चढते. थोडं डोकं चाललं तर डोंगरच सांगतो कुठून जायचं. वाळवंटातल्या या रांगांत वस्ती नाही, पाणी नाही, गुरं नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, समोर शिखर दिसतं, आणि मधे दहा-बारा किलोमीटर नुसता मोकळा उजाड डोंगर. कुठूनही जा. हे ऐकायला छान वाटतं. पण 'कुठूनही जा' म्हणजे प्रत्येक पाऊल कुठे टाकायचं ते तुम्ही ठरवायचं, सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत. घरी आल्यावर पाय दुखतात त्यापेक्षा डोकं जास्त दमलेलं असतं.

माझ्या आवडीचा एक डोंगर सांगते, म्हणजे कल्पना येईल. सांता रोसा रांगेतला व्हिलेजर. उंची ५,७५६ फूट, म्हणजे १,७५४ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा शंभर मीटर जास्त. पण कळसूबाईला बारी गावातून जेवढं चढावं लागतं त्याच्या दीडपटीहून जास्त इथे चढायचं, कारण सुरुवातच तीनएकशे मीटरवरून होते. जाऊन-येऊन बावीसएक किलोमीटर. आधी तासभर सपाट वाळूतून चालायचं. मग खडी-गोट्यांची एक लांबलचक टेकडी आडवी येते. ती सॅन हॅसिंटो भूकंपरेषेच्या हालचालींनी उचलली गेलेली आहे, वाळू-खडीचा बांधच. तिला वळसा घालून मुख्य सोंडेला लागायचं. आणि मग चढ. सोंडेच्या वरच्या भागात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांनी काही ठिकाणी पुसटशी रेघ उमटली आहे, पण तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही. ती मधेच विरते.

एका हाताला सोंड तुटून खोल दरी, दुसऱ्या हाताला खाली एक कोरडं तळं, पांढरं फटक. आणि पूर्वेला दूरवर सॉल्टन सी. हा समुद्र म्हणजे अपघात आहे बरं का. १९०५ साली कोलोरॅडो नदी शेतीच्या कालव्याचा बांध फोडून घुसली आणि दोन वर्षं तिचं पाणी त्या खोलगट भागात वाहत राहिलं. तळं अजून आहे, समुद्रसपाटीच्या सत्तरएक मीटर खाली. आपल्या धोम धरणाचं पाणी पांडवगडावरून दिसतं तेव्हा बरं वाटतं. हे पाणी बघून तसं वाटत नाही. खारट, आटत चाललेलं.

झाडांबद्दल बोलायलाच हवं, कारण ती तुम्हाला सोडत नाहीत. बांधावरचं घायपात तुम्हाला माहीत आहे. ते मूळचं त्याच बाजूचं, मेक्सिकोकडचं. त्याचीच एक वाळवंटी जात व्हिलेजरच्या सोंडेवर पसरलेली आहे आणि प्रत्येक पात्याचं टोक बरोबर आपल्या नडगीच्या उंचीवर. ही झाडं आयुष्यात एकदाच फुलतात, उंच दांडा येतो आणि झाड मरतं. तिथले मूळचे कावीया लोक त्याचा गड्डा खड्ड्यात दोन-तीन दिवस भाजून खायचे. दुसरी चोया, एक निवडुंगच. लांबून मऊ, केसाळ दिसते. नुसता धक्का लागला तरी तिचा एक तुकडा सुटून अंगात घुसतो. हाताने काढायला गेलात तर हातात घुसतो. त्यावर उपाय म्हणजे मोठ्या दातांची फणी. तुकड्याच्या खाली फणी घालायची आणि झटक्यात उडवायचा. माझ्या पाठपिशवीत चौदा वर्षं एकच फणी आहे, वाईच्या बाजारातून आईने घेतलेली. तिसरं एक काटेरी झुडूप आपल्या खैराच्या कुळातलं. काटे मांजराच्या नखासारखे मागे वळलेले. कपड्यात अडकलं की पुढे जाता येत नाही, दोन पावलं मागे यावं लागतं. तिथले लोक त्याला 'थांब जरा' झुडूप म्हणतात. वर माथ्याजवळ मात्र बुटके पाइन लागतात. त्यांच्या सावलीत बसून लाडू खाण्यासारखं सुख नाही.

चढाच्या तीव्रतेचं थोडं सांगते. सिएरा क्लबने १९३० च्या दशकात चढाईचे वर्ग ठरवले. पहिला वर्ग म्हणजे चालणं. दुसरा म्हणजे दगडांवरून, अधूनमधून हात टेकत. तिसरा म्हणजे हातापायांनी चढणं. चौथ्यात पडलात तर संपलात. पाचव्याला दोर. वाळवंटी शिखरं बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्गातली. पण कागदावरचा दुसरा वर्ग सुट्या दगडांवर भीतिदायक होतो. आपल्याकडे घसाऱ्याची वाट म्हणतो ना, तसा घसारा तिथे मैलोनमैल. कोरडा सुटा दगड साधारण ३० ते ३५ अंशांच्या उतारावर कसाबसा टेकलेला असतो. तुम्ही पाय ठेवलात की त्याला निघायला निमित्त मिळतं. म्हणून एकाच्या डोक्यावर दुसऱ्याने चढायचं नाही. तिरकं पसरून जायचं. दगड सुटला की ओरडायचं, लाज न बाळगता. प्रत्येक पकड आधी चाचपायची, मग वजन द्यायचं. बारीक मुरूम असेल तर उतरताना टाच रोवत झपझप येता येतं, आणि त्यात फार मजा आहे. मोठे गोटे असतील तर अजिबात घाई करायची नाही.

पाणी. व्हिलेजरच्या वाटेवर थेंब मिळत नाही. डिसेंबरातसुद्धा मी पाच लीटर नेते, म्हणजे पाच किलो नुसतं पाणी. जाताना एक-दीड लीटरची बाटली एखाद्या ठळक खडकाजवळ ठेवून द्यायची, परत येताना घ्यायची. जागा नकाशावर टिपून ठेवायची. नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही. घामावाटे मीठ जातं, वर पाणीच पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस बरळायला लागतो. मी खारे शेंगदाणे नेते आणि लिंबाचं लोणचं. तिथल्या गटात माझं लोणचं प्रसिद्ध आहे. मे ते ऑक्टोबर आम्ही त्या बाजूला फिरकतही नाही. इथल्या तरुण मंडळींना एवढंच विचारते, एप्रिलच्या भर दुपारी दोघांत एक बाटली घेऊन गडावर का जाता?

आता सगळ्यात महत्त्वाचं. डोंगराला वरून बघितलंत तर सोंडा कशा दिसतात? हाताच्या बोटांसारख्या. चढताना कुठल्याही बोटावरून निघा, सगळी शेवटी मनगटाशी येतात. म्हणून चढताना माणूस फारसा चुकत नाही. उतरताना उलटं होतं. प्रत्येक फाट्यावर दोन सोंडा समोर येतात, दोन्ही सारख्याच दिसतात, आणि एक गाडीकडे जाते तर दुसरी भलत्याच दरीत. म्हणून चढताना प्रत्येक फाट्याशी थांबून मागे वळून बघायचं. परतताना हा डोंगर कसा दिसणार आहे, ते आत्ताच बघून ठेवायचं.

हे सांगून झाल्यावर २०१८ च्या फेब्रुवारीतली गोष्ट सांगते. या गोष्टीतल्या मुलाची आई आपल्याच तुकडीची आहे, आत्ता समोर बसली आहे. तिला आणि त्याला विचारूनच सांगते आहे.

तो नोकरीला नुकताच तिकडे आला होता. अठ्ठावीस वर्षांचा, मॅरेथॉन धावणारा. मी त्याला गटात घेऊन गेले. आम्ही आठ जण. गटप्रमुख पासष्टीच्या बाई, निवृत्त परिचारिका. निघतानाच त्यांनी सांगितलं, साडेबाराला जिथे असू तिथून परत. साडेबाराला शिखर समोर दिसत होतं, पाऊण तासाच्या अंतरावर. बाई थांबल्या, घड्याळ दाखवलं आणि वळल्या. कोणी वाद घातला नाही. याला मात्र ते लागलं. शिखर हुकल्याच्या रागात तो उतरताना भराभर पुढे गेला. दोनदा त्याला हाक मारून थांबवलं. तिसऱ्यांदा तो दिसेनासा झाला.

आम्ही सहाच्या सुमाराला गाड्यांशी पोचलो. उजेड संपत आला होता. तो नव्हता. फोन लागत नव्हता. फोनवर नकाशा होता त्याच्या, पण दिवसभर तो चालू ठेवला की बॅटरी किती टिकते ते तुम्हाला माहीतच आहे. दोघं दिवे घेऊन सोंडेच्या पायथ्याशी जाऊन हाका मारून आले. बाई गाडी घेऊन रेंज मिळेल तिथे गेल्या आणि शेरीफच्या कार्यालयाला कळवलं. मी तिथेच थांबले. तापमान झपाट्याने उतरत होतं. आकाश इतकं स्वच्छ होतं की राग यावा.

माझ्यापुढे प्रश्न होता तो वाईला फोन करण्याचा. तिकडे संध्याकाळचे सहा म्हणजे इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. गाडीतले एक गृहस्थ म्हणाले, सकाळपर्यंत थांबा, सापडला की मगच सांगा, उगाच जीव टांगणीला कशाला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण माझं मूल असतं तर मला कळायला हवं होतं. आठ वाजता रेंजपाशी जाऊन मी फोन केला. इथे साडेनऊ झाले होते, रविवार होता.

ती रडली नाही. तिने विचारलं, "पाणी किती आहे त्याच्याकडे?" मी सांगितलं, शेवटी पाहिलं तेव्हा दीड लीटर होतं. "जाकीट?" आहे, मीच सकाळी बघितलं होतं. "शिट्टी?" बाई प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवल्याशिवाय निघतच नाहीत. मग ती म्हणाली, "तू तिथेच थांब. घरी जाऊ नकोस." आणि फोन ठेवला. रात्रभर ती दर तासाला फोन करत होती, म्हणजे इथे तिचा सगळा दिवस गेला. मी गाडी रेंजमध्येच लावून बसले होते. एका फोनवर तिने मला 'तू काही खाल्लंस का' असं विचारलं. ते मी विसरणार नाही.

उजाडता उजाडता बचाव पथकाची माणसं सोंडेवर चढली आणि सातनंतर त्यांना पूर्वेच्या दरीतून शिट्टी ऐकू आली. तीन, मग थोडं थांबून पुन्हा तीन. तो शेवटच्या फाट्याला डावीकडे वळला होता. ती सोंड त्याला एका घळीत घेऊन गेली. घळीतून उतरत उतरत तो कोरड्या धबधब्याच्या माथ्यावर आला. पावसाचं पाणी जिथून वर्षातून एखाद्या वेळी कोसळतं अशी गुळगुळीत उभी भिंत, दहाबारा मीटरची. खाली सपाट वाळू दिसत होती. त्याने नंतर सांगितलं, खाली उतरून बघावं असं तीनदा मनात आलं. पहिले दोन हात ठेवायला खाचा होत्या. पुढच्या दिसत नव्हत्या. तो उतरला नाही. परत अंधारात वरही चढला नाही. खडकाला पाठ लावून बसला, सगळे कपडे अंगावर चढवले, पाठपिशवीत पाय घातले आणि रात्र काढली. बचाव पथकातला एक जण मला म्हणाला, अशा घळींतून आम्ही ज्यांना बाहेर काढतो, ते बहुतेक भिंतीच्या खाली सापडतात.

त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. गाडीशी आल्यावर त्याने आधी आईला फोन केला. ती काय बोलली ते मला माहीत नाही. तो पाच मिनिटं नुसता "हो, हो" म्हणत होता.

शिखरांवर दगडांच्या राशीत एक डबा असतो आणि डब्यात वही. जो पोचेल त्याने तारीख आणि नाव लिहायचं. काही वह्या इतक्या जुन्या आहेत, आणि काही शिखरांवर माणसं इतकी कमी जातात, की दोन पानं मागे गेलं की दहा वर्षं मागे जातो. पुढच्या जानेवारीत आम्ही सगळे व्हिलेजरला परत गेलो, तोही आला. तो दिवसभर बाईंच्या मागे चालला. प्रत्येक फाट्याला मागे वळून उभा राहायचा, इतका वेळ की बाईच कंटाळल्या. सव्वाबाराला आम्ही वर होतो. वहीत त्याने देवनागरीत स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली आईचं. त्या डोंगरावर पुढे रॅबिट नावाचं आणखी उंच शिखर आहे, अजून सुमारे सहा किलोमीटर. तो त्याच्याकडे बघत होता. बाईंनी घड्याळ दाखवलं.

आता संयोजक मला घड्याळ दाखवत आहेत. उद्या पहाटे साडेपाचला आपण पांडवगडला निघतोय, धावडीकडून. आतापर्यंत सतरा नावं आली आहेत. गडाला चांगली मळलेली वाट आहे, तेव्हा घाबरू नका, पण ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी काठी आणा. पाणी माणशी दोन लीटर, हे मी गेटवर मोजणार आहे. दहाला खाली यायचं, वर पोचलो असू किंवा नसू. शिट्ट्या मी तिकडून आणल्या आहेत, वीस आहेत. तीन नावं अजून चालतील, चहाच्या टेबलापाशी वही ठेवली आहे.